कापसाच्या आकड्यापासून निफ्टीपर्यंत

जुलै २०२५ मध्ये आपल्या सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळातला रमीचा व्हिडिओ राज्यभर फिरला. मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. त्यावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेत, मी भर घालत नाही. पण पुढच्याच महिन्यात, २१ ऑगस्टला, संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, दोन्ही बंद. रमी गेली, पोकर गेलं. त्याची चर्चा मात्र नाशकात फारशी ऐकू आली नाही.

माझ्या ओळखीतला एक मुलगा लॉकडाउनपासून पोकर खेळायचा. अ‍ॅप बंद झालं त्याच आठवड्यात पठ्ठ्याने डीमॅट उघडलं. आता दर मंगळवारी निफ्टीचे ऑप्शन करतो. "काका, गणित तेच आहे," म्हणाला. मी झापणार होतो, पण खरं सांगायचं तर त्याचं फार चुकत नाही. २००३ साली अमेरिकेत ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. तिथून ऑनलाइन पोकरची लाट उसळली. तिकडची सस्क्वेहाना ही ट्रेडिंग कंपनी तर नव्या भरतीला पोकर शिकवते. कारण एकच: चांगला निर्णय हरू शकतो, वाईट निर्णय जिंकू शकतो, म्हणून हिशेब एका डावाचा नाही, हजार डावांचा करायचा. आणि दोन्हीकडे घरमालकाचा वाटा ठरलेला. पोकरमध्ये प्रत्येक डावातून अ‍ॅप आपली कट काढतं, इथे ब्रोकरेज आणि कर. टेबलावर आलेल्या पैशापेक्षा उठताना खिशात गेलेला पैसा नेहमी कमीच.

मग एक जुगार आणि दुसरा व्यापार, ही रेषा कुणी आखली? द्यूतापर्यंत मागे जात नाही, १८६१ पुरे.

त्या वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर निघाले, १ जुलै १८६५ च्या वायद्यावर सगळं शहर खेळू लागलं. सगळ्यात पुढे प्रेमचंद रायचंद. एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि वायद्याची तारीख उजाडेपर्यंत पैसे द्यायला कुणीच उरलं नाही. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर फोर्टात आजही दिसतो.

त्याच १८६५ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला की पैजेचा करार कोर्टात टिकणार नाही, त्याला जोडून केलेला दलालीचा करारही नाही. पुढे कोर्टं एकच प्रश्न विचारत राहिली: दोघांना माल खरंच द्यायचा-घ्यायचा होता, की नुसता भावातला फरक? नुसता फरक असेल तर ती पैज. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट ठेवली. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि अ‍ॅपवाले इतकी वर्षं याच ओळीवर जगले.

मटक्याची गोष्ट तर थेट बाजारातून निघालेली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा, त्याच्या आकड्यावर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा येणं थांबलं, तर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडा इथेच काढायला सुरुवात केली. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' राहिले. आज त्या मुलाच्या मोबाइलवरच्या चार्टवरही तेच दोन शब्द आहेत. त्याला मटका माहीत नाही, त्याच्या आजोबांना नक्की असेल.

आता सगळ्यात मजेशीर वळण. निफ्टी हा निर्देशांक. तो पोत्यात भरून कुणाला देता येत नाही, हिशेब नुसत्या फरकाचा. म्हणजे जुन्या कसोटीवर सरळ पैज! म्हणून १९९९ मध्ये संसदेला कायदा दुरुस्त करून लिहावं लागलं की मान्यताप्राप्त बाजारात झालेले असे करार वैध आहेत, दुसरा कुठलाही कायदा काहीही म्हणो. जून २००० मध्ये ते सुरू झाले. सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

वायदा मुळात वाईट, असं मला म्हणायचं नाही. शेतात उभ्या पिकाच्या भावाची जोखीम आधीच असते. वायदा ती दुसऱ्याच्या खांद्यावर देतो, पोकर नसलेली जोखीम जन्माला घालतं. माझ्या लेखी फरक असलाच तर हा. आणि २०२१ मध्ये सेबीने वायदे बंद केले ते कशाचे? सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी वगैरे सात मालांचे, नंतर मुदत वाढवत नेली.

त्या मुलाचे वडील निफाड तालुक्यात सोयाबीन घेतात. पेरताना भाव बांधून ठेवायची सोय त्यांना नाही, बाजार समितीत त्या दिवशी पुकारेल तो भाव. पोराला मात्र येत्या मंगळवारचा निफ्टी घेता येतो, बांधावर बसून, वडिलांच्याच रिचार्जवर.