पैनगंगेचे दोन काठ : उमरखेडच्या बाजूने माहूर क्षेत्राचा विचार

१. विषय आणि भूमिका

तीर्थक्षेत्राचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी देवतेची कथा, मग मंदिर, मग त्याला इनाम देणारे राजे, मग उत्सव आणि अगदी शेवटी ‘कसे जावे’ हा परिच्छेद. या मांडणीत देव आणि राजा पुढे येतात. ज्या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे येत राहिली, त्याची वर्णी मात्र प्रवासमाहितीत लागते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा केला आहे. विषय माहूरचा आहे, पण पाहायचे आहे ते यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील उमरखेडकडून.

प्रतिपादन असे : माहूर टिकले ते राजाश्रयामुळे नव्हे, भोवतीच्या मुलखातील घराघरांत चालत आलेल्या कुलाचारामुळे. राजसत्तेने या मुलखाच्या हद्दी वारंवार बदलल्या. यात्रेची हद्द मात्र बदलली नाही. हे तपासण्यासाठी उमरखेड विशेष सोयीचे आहे, कारण क्षेत्र एका प्रांतात आणि भाविक दुसऱ्या प्रांतात, अशी स्थिती इथे दीर्घकाळ राहिली.

२. भूगोल : नदीचे वळण

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते. उमरखेडच्या दक्षिणेकडून ती आग्नेयेला सहस्रकुंडापर्यंत जाते, तिथे खडकावरून कोसळते, मग उत्तरेकडे वळून माहूरच्या डोंगरांना वळसा घालते आणि पुन्हा पूर्वेची दिशा धरते. या वळणामुळे नकाशावर एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे. मराठवाड्यात मोडणारे माहूर विदर्भातील उमरखेडच्या उत्तरेला, नेमके म्हणजे ईशान्येला आहे. उमरखेड-महागावकडून माहूरला जाणारा भाविक बराच वेळ डाव्या काठाच्या मुलखातून जातो आणि धनोड्याच्या पुलावर नदी ओलांडतो. हदगाव-नांदेडकडे जायचे तर मार्लेगावजवळ हीच नदी लागते.

दुसरा घटक जंगलाचा. नदीच्या दोन्ही बाजूंना सागवानाचे दाट रान आहे; उमरखेड तालुक्यातील त्याचा मोठा भाग आज पैनगंगा अभयारण्यात मोडतो. गोंड, कोलाम आणि आंध या समाजांची वस्ती या पट्ट्यात जुनी आहे. डोंगर, नदी आणि रान या तिन्हींच्या आडोशाला माहूर वसले. लष्करी दृष्ट्या तो गड ठरला आणि धार्मिक दृष्ट्या तपोभूमी. एकाच भूगोलातून ही दोन फळे निघाली.

३. श्रद्धेचे थर

माहूर हे एका देवतेचे क्षेत्र नाही. तिथे निदान चार परंपरा शेजारी शेजारी नांदतात.

पहिला थर देवीचा. साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण, तर वणीची सप्तशृंगी अर्धे पीठ मानले जाते. माहूरच्या गाभाऱ्यात रेणुकेची पूर्णाकृती मूर्ती नाही. शेंदूरचर्चित भव्य मुखवटा आहे. कथा अशी : सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारल्यावर परशुरामाने कावडीत एका बाजूला पित्याचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला घेऊन कोऱ्या भूमीचा शोध घेतला, दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून माहूरला अंत्यसंस्कार केले, आणि सती गेलेली रेणुका पुढे त्याच्या हाकेवरून भूमीतून मुखापुरती प्रकटली. मातृतीर्थ त्या प्रसंगाशी जोडलेले आहे. कथा मुखवट्याचा अर्थ लावते. पण केवळ मुखाच्या किंवा तांदळ्याच्या रूपात पुजली जाणारी मातृदेवता पुराणकथेपेक्षा जुनी असू शकते, ही दिशा रा. चिं. ढेरे यांच्या शक्तिपूजेवरील संशोधनाने मराठी अभ्यासकांना दाखवली. कर्नाटकातील सौंदत्तीची यल्लम्मा हीही रेणुकाच मानली जाते. तेलंगणातही यल्लम्मा घरोघरी आहे. त्या अर्थाने माहूर हे दख्खनच्या एका विस्तीर्ण मातृपूजक पट्ट्याचे उत्तरेकडील ठाणे ठरते.

दुसरा थर दत्ताचा. अत्री-अनसूयेचा आश्रम आणि दत्तजन्म याच डोंगरांत झाला, अशी श्रद्धा आहे. दत्तशिखर आणि अनसूयामाता ही दोन शिखरे त्या श्रद्धेची स्थाने. शिखराची व्यवस्था दशनामी परंपरेतील महंतांकडे चालत आली आहे. ‘गुरुचरित्रा’त माहूरच्या गोपीनाथ ब्राह्मणाचा मुलगा आणि सून सावित्री ही दोघे गाणगापूरला जातात. म्हणजे ग्रंथकार सरस्वती गंगाधराच्या काळी माहूर आणि भीमाकाठ यांना जोडणारा दत्तमार्ग वाचकांना परिचित होता. सोळाव्या शतकात अंबाजोगाईच्या दासोपंतांनी माहूरला तप केल्याची परंपरा आहे.

तिसरा थर महानुभावांचा. पंचकृष्णांत श्रीदत्तात्रेय प्रभू येतात आणि माहूरचे देवदेवेश्वर हे त्यांचे निद्रास्थान मानले जाते. चक्रपाणी फलटणहून माहूरला आले आणि तिथे व्याघ्ररूपातील दत्तात्रेयांकडून त्यांनी शक्ती स्वीकारली, असे पंथाचे साहित्य सांगते. साती ग्रंथांपैकी रवळोबासांचे ‘सह्याद्रवर्णन’ याच दत्तात्रेय प्रभूंच्या चरित्राशी निगडित आहे. तेथे सह्याद्री म्हणून जो डोंगर अभिप्रेत आहे तो कोकणाच्या माथ्यावरचा नव्हे, माहूरचा.

चौथा थर सूफी स्थानांचा. माहूरला सोनापीर दर्गा आहे आणि जवळच वझऱ्याला धबधब्याशेजारी शेख फरीदांचे स्थान आहे.

या थरांचा कालक्रम लावताना कथा आणि पुरावा वेगळे ठेवावे लागतात. माहूरची पांडवलेणी राष्ट्रकूट काळातील मानली जातात. लिखित मराठी पुरावा तेराव्या-चौदाव्या शतकातील महानुभाव साहित्यापासून मिळू लागतो. देवीची पूजा याहून प्राचीन असणे संभाव्य आहे, पण ते अनुमान आहे. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : या परंपरांनी एकमेकींना गिळले नाही. देवीच्या कथेत दत्तात्रेय मार्गदर्शक म्हणून येतात, दत्तकथेत अनसूया माता म्हणून येते आणि महानुभाव त्याच दत्तात्रेयांना आपल्या तत्त्वज्ञानात वेगळे स्थान देतात. शिखरे वेगवेगळी असल्याने स्थानांचा तंटा कमी झाला, हे भौगोलिक कारणही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

४. सत्तेच्या हद्दी

बहमनी राज्यात महमूद गावानने चार मोठ्या तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ भाग केले तेव्हा वऱ्हाडाचे दोन तुकडे झाले : एक गाविलचा, दुसरा माहूरचा. माहूर त्या काळी प्रांताचे मुख्य ठाणे होते. पुढे इमादशाही, निजामशाही आणि मोगल अशी सत्तांतरे झाली. ‘आईन-इ-अकबरी’त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार आहे आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे परगणे त्याखाली येतात. तेव्हा नदी ही हद्द नव्हती, एकाच प्रशासकीय घटकाच्या मधून वाहणारा प्रवाह होता.

सतराव्या शतकात माहूरच्या उदाराम घराण्याला मोगल राजकारणात मोल आले. बापाविरुद्ध बंड केलेल्या शहाजाद्या खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, अडचणीच्या काळात आपले जड सामान याच गडावर ठेवले होते. याच घराण्यातील रायबागन १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर शिवाजी महाराजांसमोर उभी होती.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. इथे नदीची भूमिका पालटली. पैनगंगेच्या उत्तरेचे उमरखेड-पुसद इंग्रजी अमलात गेले. दक्षिणेचे हदगाव, किनवट आणि नदीच्या वळणाने पलीकडे पडलेले माहूर निजामाकडे राहिले. ज्या माहूरच्या नावाने दोन्ही काठांचा महसूल जमा होई, ते आता आपल्याच जुन्या परगण्यांपासून तुटले. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका वाशीमकडून यवतमाळ जिल्ह्यात आला आणि त्याबरोबर उमरखेडही. माहूर हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते.

या विभागणीची धार १९४७-४८ मध्ये सर्वांत जास्त जाणवली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात संस्थानाबाहेर, सरहद्दीवर जे कॅम्प उभे राहिले त्यांत उमरखेडचा कॅम्प होता. निजामी हद्दीतून निसटलेल्या कार्यकर्त्यांना नदी ओलांडली की आसरा मिळे आणि तिथूनच पुन्हा आत जाता येई. जी नदी हद्द म्हणून आखली गेली, तीच ओलांडण्याच्या सवयीचा उपयोग चळवळीला झाला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थानी हद्द संपली. १९५६ मध्ये किनवट भाग आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये दोन्ही काठ महाराष्ट्रात आले. तरी उमरखेड अमरावती महसूल विभागात आणि माहूर मराठवाड्यात, हा भेद आजही आहे.

५. यात्रेचे प्रकार

पंढरपूरच्या वारीशी तुलना केल्यास माहूरचे वेगळेपण स्पष्ट होते. वारी सामूहिक आहे, तिथीला बांधलेली आहे आणि दिंडीच्या शिस्तीत चालते. वारकरी होणे हे व्यक्तीने माळ घालून स्वीकारलेले व्रत आहे. माहूरची मुख्य यात्रा कुळाची आहे. लग्नानंतर नवदांपत्याने कुलदेवीला जाणे, बाळाचे जावळ, नवस फेडणे, घरी गोंधळ घालणे, ओटी भरणे, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून आणणे, ही तिची अंगे आहेत. नवरात्रात गर्दी लोटते, पण कुळाची ये-जा वर्षभर चालू असते. कुलदैवत निवडता येत नाही. ते वारशाने येते. म्हणून माणूस गाव सोडून नागपूर-पुण्याला गेला तरी देवीशी असलेले नाते तुटत नाही.

या नात्याचे वाहक पुजाऱ्यांइतकेच गोंधळी आहेत. त्यांच्यात रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद सांगतात. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे. संबळ-तुणतुण्याच्या साथीने अंगणात देवतांना आवाहन होते तेव्हा क्षेत्रच घरी येते. ज्यांना गडावर जाणे परवडत नाही त्यांच्यापर्यंत माहूर पोचवण्याचे काम या संस्थेने केले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत माहूरला राहिलेल्या विष्णुदासांच्या देवीपर पदांनीही हेच काम केले.

दत्तजयंतीची यात्रा याहून निराळी. तिथे गुरुसंप्रदायाचे अनुयायी येतात. महानुभाव भाविक स्थानवंदनासाठी येतात. श्रावणी पौर्णिमेच्या परिक्रमेत मात्र चालणारा एकाच फेरीत अनेक स्थाने जोडतो आणि परंपरांच्या सीमारेषा पायाखाली पुसट होतात.

६. उंबरठ्याचे गाव

उमरखेड स्वतः शक्तिपीठ नाही. गावात चिन्मयमूर्ती संस्थानासारखी मठपरंपरा आहे, तालुक्याच्या हद्दीवर सहस्रकुंडला महादेवाचे स्थान आहे. पण त्याचे खरे महत्त्व स्थानजाळ्यात आहे. ईशान्येला माहूर, नैऋत्येला हुजूर साहिबचे नांदेड, पश्चिमेला औंढा नागनाथ, उत्तरेला बंजारा समाजाचे पोहरादेवी, यवतमाळच्या वाटेवर आर्णीला बाबा कंबलपोष दर्गा. निरनिराळ्या धर्मांची आणि समाजांची ही स्थाने ज्या वाटांनी जोडली आहेत त्यांतल्या कित्येक उमरखेडवरून जातात. नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ इथूनच जातो आणि बांधल्या जात असलेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावरही हे गाव आहे.

क्षेत्राभोवतीच्या अशा गावांकडे ‘वाटेवरचा मुक्काम’ म्हणून पाहिले जाते. वस्तुतः क्षेत्राला दरवर्षी लागणारा भाविक, दक्षिणा, धान्य, पानविडा आणि मनुष्यबळ याच पट्ट्यातून येते. क्षेत्र म्हणजे एक बिंदू मानला तर माहूर हे डोंगरावरचे लहान नगर आहे. क्षेत्र म्हणजे त्याला पोसणारा मुलूख मानला तर त्याची व्याप्ती दोन महसूल विभागांवर पसरते.

७. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप : गड, मंदिरे, कुंडे ही सत्तेच्या पैशातूनच उभी राहिली, मग राजाश्रय गौण कसा? बांधकामापुरते हे मान्यच आहे. पण बांधणे आणि टिकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माहूरचा गड मोठ्या सत्तांनी बांधला आणि सांभाळला. त्या गेल्या तशी तटबंदी ओसाड झाली. त्याच डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्या मात्र कधी ओस पडल्या नाहीत. एकाच जागी, एकाच काळात घडलेले हे दोन परिणाम राजाश्रय आणि कुलाचार यांतला फरक दाखवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कुलाचारावर तगलेले क्षेत्र नगर म्हणून वाढत नाही. हे खरे आहे. पंढरपूर किंवा नांदेडसारखी बाजारपेठ माहूरला लाभली नाही. कुळाची यात्रा एका दिवसात आटोपते आणि खरेदी उमरखेड, पुसद, किनवटला होते. पण हा दोष क्षेत्राच्या जिवंतपणाचा नाही, नफ्याच्या वाटणीचा आहे.

यातूनच आजचा वाद समजतो. पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा नियोजित शक्तिपीठ महामार्ग माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणारा म्हणून मांडला जातो आणि जमिनी जाणारे शेतकरी अनेक जिल्ह्यांत त्याला विरोध करतात. वर मांडलेल्या विश्लेषणातून एक निकष निघतो : वेगवान रस्ता दूरच्या प्रवाशाला क्षेत्रापर्यंत नेईल, पण क्षेत्र पोसणाऱ्या गावांना तो टाळून गेला तर शतकानुशतकांचे नाते बाजूला पडेल. रस्त्याचे मोजमाप करताना हा खर्चही धरायला हवा.

८. निष्कर्ष आणि पुढचे काम

बहमनी तरफ, मोगल सरकार, निजाम-इंग्रजांची सरहद्द, आदिलाबाद, नांदेड : माहूरचा पत्ता इतक्या वेळा बदलला, पण उत्तर काठावरच्या घरांचे कुलदैवत बदलले नाही. म्हणून माहूरचा इतिहास केवळ नांदेड जिल्ह्याचा किंवा केवळ मराठवाड्याचा म्हणून लिहिणे अपुरे आहे.

आज नदीचा उत्तर काठ अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि दक्षिण काठ नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या. संशोधनही हद्दीवरच थांबते. गोंधळ्यांच्या घरातील गीते, उपाध्यांच्या वह्या, मठांची दप्तरे, महानुभाव आश्रमांतील पोथ्या आणि सरहद्दीवरील कॅम्पच्या आठवणी दोन्ही काठांवर विखुरल्या आहेत, आणि त्या सांगणारी पिढी वयाने थकली आहे. दोन्ही विद्यापीठांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी एकत्र येऊन पैनगंगेच्या दोन्ही काठांचे संयुक्त सर्वेक्षण हाती घ्यावे. उमरखेडच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील कुलाचाराची नोंद लिहून काढण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.