मातृ-पितृ आनुवंशिकता

लैंगिक प्रजननाने निर्माण होणाऱ्या संततीत मातेकडून व पित्याकडून कोणते जनुकद्रव्य किती प्रमाणात येते, त्यातील कोणते प्रकट होते आणि कोणाकडून आले यावर त्याचे कार्य अवलंबून असते की नाही, या प्रश्नांच्या समूहाला ही संज्ञा लावली जाते. पेशीकेंद्रकातील गुणसूत्रांपुरते पाहिल्यास मातापित्यांचा वाटा जवळजवळ निम्मानिम्मा असतो. केंद्रकाबाहेरील पेशीद्रव्यात मात्र बहुतेक वनस्पतींत व प्राण्यांत मातेचाच वरचष्मा असतो. एखादा गुण ‘प्रभावी’ असणे, तो आईचा किंवा बापाचा असणे आणि समाजात स्त्री किंवा पुरुष वरचढ असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु लोकसमजुतीत, आणि क्वचित जुन्या पाठ्यपुस्तकांतही, त्यांची सरमिसळ झालेली आढळते.

पूर्वेतिहास : ॲरिस्टॉटलच्या मते गर्भाला आकार पुरुषाकडून व द्रव्य स्त्रीकडून मिळते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, याची चर्चा आहे. लेव्हेनहूक याने १६७७ मध्ये शुक्रपेशींचे निरीक्षण नोंदविल्यानंतर गर्भ शुक्रपेशीतच सूक्ष्मरूपाने तयार असतो असे मानणारा एक पक्ष युरोपात बळावला, तर दुसरा पक्ष तो अंड्यात असतो असे म्हणत राहिला. सस्तन प्राण्यांचे अंडे १८२७ मध्ये फॉन बेअर याने दाखविले आणि ऑस्कर हेर्टव्हिग याने १८७६ मध्ये समुद्री अर्चिनीच्या अंड्यात दोन केंद्रकांचे मीलन पाहिले, त्यानंतर वादातील कोणत्याही पक्षाला आधार उरला नाही.

प्रभाव आणि लिंग : ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांत (प्रसिद्धी १८६६) प्रत्येक संकर उलटसुलट करून पाहिला, म्हणजे गोल बियांच्या झाडाचे पराग सुरकुतलेल्या बियांच्या झाडावर टाकले, तसेच याच्या उलटही केले. दोन्ही वेळा पहिल्या पिढीतील बिया गोलच निघाल्या आणि दुसऱ्या पिढीत गोल ५,४७४ व सुरकुतलेल्या १,८५० अशी विभागणी मिळाली. प्रभावी गुण बीज देणाऱ्या झाडाकडून आला की पराग देणाऱ्या, याने काहीच फरक पडत नाही, हे मेंडेलने स्पष्ट नोंदविले असून गेर्टनर या पूर्वसुरीलाही त्याचे श्रेय दिले आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीचाच परिणाम देहावर दिसत असेल तर त्या प्रतीला प्रभावी व दुसरीला अप्रभावी म्हणतात. सुरकुतलेल्या वाटाण्यात पिष्ट घडविणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडलेले असते, हे १९९० मध्ये उलगडले. त्याची एक शाबूत प्रत दाणा गोल ठेवण्यास पुरते, म्हणून ती प्रभावी. येथे प्रभाव म्हणजे सत्ता नव्हे, पुरेपणा होय. प्रभावी गुण श्रेष्ठ असतो किंवा समाजात अधिक आढळतो असेही नाही. बोटे आखूड होण्याची विकृती प्रभावी असूनही दुर्मिळ आहे.

पेशीद्रव्यीय वारसा : मेंडेलच्या या समतेला पहिला मोठा अपवाद गुलबक्षीने दाखविला. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, परंतु महाराष्ट्रात परसदारी सर्रास दिसणारी आणि संध्याकाळी फुलणारी ही वनस्पती कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने अभ्यासाला घेतली होती. तिच्या लाल व पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुले येतात आणि पुढील पिढीत लाल, गुलाबी व पांढरी यांचे प्रमाण १:२:१ पडते. म्हणजे फुलाच्या रंगात मातापित्यांचा वाटा सारखा असून कोणाचाच पूर्ण प्रभाव नाही. पानांची गोष्ट वेगळी. कोरेन्सकडील एका वाणात एकाच झुडपावर हिरव्या, पांढऱ्या व ठिपकेदार अशा तीन प्रकारच्या फांद्या होत्या. हिरव्या फांदीवरील फुलाला कोणत्याही फांदीचे पराग दिले तरी त्याच्या बियांतून हिरवीच रोपे उगवत. पांढऱ्या फांदीवरील फुलाच्या बियांतून पांढरी रोपे उगवत व हरितद्रव्याअभावी लवकरच मरून जात. ठिपकेदार फांदीवरील फुले तिन्ही प्रकारची रोपे देत. परागाचा रंगावर कसलाही परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. पानाचा हिरवेपणा ज्या हरितलवकांवर अवलंबून असतो ती अंडपेशीच्या पेशीद्रव्यातून येतात व परागातून सहसा येत नाहीत, असे याचे स्पष्टीकरण आहे. एकाच झुडपाच्या फुलांत दोघांचा व पानांत एकट्या मातेचा वारसा दिसावा, हे उदाहरण शिकविण्यासाठी याहून सोयीचे दुसरे सापडणे कठीण.

त्याच वर्षी एर्विन बाउर याला पेलार्गोनियममध्ये मात्र लवके दोन्ही जनकांकडून येताना दिसली. पाइन वृक्षांत लवके पित्याकडून व तंतुकणिका (पेशीतील ऊर्जानिर्मितीची अंगके) मातेकडून येतात. काकडी व केळी यांत तंतुकणिका पित्याकडून येतात. त्यामुळे ‘पेशीद्रव्य मातेचे’ हा नियम सर्वसाधारण असला तरी निरपवाद नाही.

नरवंध्यत्व व संकरित बियाणे : पेशीद्रव्यीय वारशाचा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग संकरित बीजोत्पादनात झाला. ज्वारीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र असल्यामुळे हाताने संकर करणे मोठ्या प्रमाणावर अशक्य असते. स्टीफन्स व हॉलंड यांनी १९५४ मध्ये दाखविले की, मायलो ज्वारीचे पेशीद्रव्य आणि काफिर ज्वारीचे केंद्रक एकत्र आणल्यास निपजणाऱ्या झाडात पराग निकामी राहतात, पण दाणा धरण्याची क्षमता शाबूत असते. या वंध्यत्वाचे मूळ तंतुकणिकांतील जनुकद्रव्यात असल्यामुळे ते आईकडून पुढे जाते. अशा मादी वाणाच्या चार ओळी आणि नर वाणाच्या दोन ओळी आळीपाळीने पेरल्या जातात. मादी ओळींवर जे दाणे धरतात ते सर्व संकरित असतात. मात्र शेतकऱ्याच्या रानात त्यांची झाडे वंध्य राहून चालत नाही, म्हणून नर वाण असा निवडावा लागतो की ज्याच्या केंद्रकात वंध्यत्व घालविणारे जनुक आहे. हे जनुक बहुधा प्रभावी असते. मातेकडून आलेला दोष पित्याकडून आलेले एक जनुक निष्प्रभ करते, असा हा व्यवहार आहे. भारतातील पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ ही १९६४ मध्ये याच पद्धतीने प्रसारित झाली आणि महाराष्ट्रात तिच्यामुळे ‘हायब्रीड’ हा शब्दच ज्वारीचा पर्याय झाला. बाजरीचा एचबी-१ हा संकर लगेच पुढील वर्षी आला.

एकाच मातृ-पेशीद्रव्यावर विसंबण्याचा धोका अमेरिकेत १९७० मध्ये दिसला. तेथील बहुतांश मका टेक्सास या नरवंध्य पेशीद्रव्यावर आधारलेला होता व त्या पेशीद्रव्यातील तंतुकणिका करपा रोगाच्या बुरशीच्या विषाला बळी पडत; त्या हंगामात देशातील मक्याचे सुमारे १५ टक्के पीक गेले. केंद्रकातील जनुके वाणावाणांत वेगळी असूनही त्यांचा उपयोग झाला नाही.

मानवातील वारसा : मानवात प्रत्येक जनकाकडून २३ गुणसूत्रे येतात. तंतुकणिकांतील १६,५६९ क्षारकजोड्यांचे व ३७ जनुकांचे वर्तुळाकार डीएनए आईकडून येते. कॅन, स्टोनकिंग व विल्सन यांनी १९८७ मध्ये त्याच्याच आधारे आजच्या मानवांची मातृवंशावळ आफ्रिकेपर्यंत नेली. पित्याकडूनही ते येत असल्याचा एक दाखला २००२ मध्ये व काही २०१८ मध्ये नोंदले गेले. नंतरच्या दाखल्यांचा अर्थ वादग्रस्त आहे. पुत्राला पित्याकडून वाय व मातेकडून एक्स गुणसूत्र मिळते. एक्सवर सुमारे आठशे, तर वायवर शंभराहून कमी प्रथिन-जनुके असतात, तेव्हा काटेकोर हिशेबात पुत्र आईचे देणे किंचित अधिक लागतो. कन्येच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक निष्क्रिय होते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले; कोणत्या पेशीत आईचे व कोणत्या पेशीत वडिलांचे, हे योगायोगाने ठरते. नवीन उत्परिवर्तनांत मात्र पित्याचा वाटा बराच मोठा असतो, कारण शुक्रपेशी घडविणारे पेशीविभाजन आयुष्यभर चालू राहते. जे. बी. एस. हॉल्डेन (जे पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले) यांनी रक्तस्रावरोगावरून हा अंदाज १९४७ मध्येच केला होता.

जनुकीय मुद्रांकन : काही जनुकांवर ती कोणत्या जनकाकडून आली याची रासायनिक खूण असते व त्यानुसार एकच प्रत कार्य करते. मॅकग्राथ व सॉल्टर, तसेच सुरानी व सहकारी यांनी १९८४ मध्ये दाखविले की, दोन्ही केंद्रके मातेची किंवा दोन्ही पित्याची असल्यास उंदराचा गर्भ पूर्ण वाढत नाही. मानवात पंधराव्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा पित्याच्या बाजूचा गळाल्यास प्राडर-विली व मातेच्या बाजूचा गळाल्यास अँजेलमन हे अगदी भिन्न लक्षणसमूह उद्भवतात. पितृ-जनुके गर्भाची वाढ अधिक मागतात व मातृ-जनुके तिला आवर घालतात, या डेव्हिड हेग यांच्या उपपत्तीला उंदरांतील काही जनुकांचा आधार मिळतो. ती सर्वत्र लागू पडते असे मानले जात नाही.

सामाजिक संदर्भ : संततीचे लिंग शुक्रपेशीत एक्स आहे की वाय यावरून ठरते, तरीही मुलगी झाल्याचा दोष सुनेला देण्याची प्रथा टिकून आहे. बीज-क्षेत्राची प्रतिमा अपत्यावरील व मालमत्तेवरील पुरुषाच्या हक्काला कशी आधार देते, याचे विवेचन मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केले आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला व केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. राज्यातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे दर हजार मुलग्यांमागील प्रमाण मात्र २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले.

उपचार : आईकडून येणारे तंतुकणिकांचे विकार टाळण्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या अंडपेशीतील तंतुकणिका वापरण्यास ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्याने मान्यता दिली.