जामखेडचा धडा आणि सुईची जागा

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांच्या संपादनाखाली एक पुस्तक काढले. डॉक्टर आणि पैसा दोन्ही कमी असताना लोकांपर्यंत आरोग्यसेवा कशी पोचवता येते, याचे निरनिराळ्या देशांतले दाखले त्यात एकत्र केले होते. एक प्रकरण चीनच्या आरोग्यव्यवस्थेवर होते आणि एक आपल्या तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडवर, डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी लिहिलेले. चीनचे अनवाणी डॉक्टर, म्हणजे थोडक्या प्रशिक्षणावर खेड्यांत काम करणारे आरोग्यसेवक, आधुनिक औषधांबरोबर ॲक्युपंक्चरच्या सुयाही वापरत. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरला कायद्याचा आधार आहे. मधुमेहाने तळपायांची आग होणारा, सायटिकाने वाकलेला किंवा नागीण बरी होऊनही महिनोन्‌महिने कळा सोसणारा माणूस विचारतो, की गोळ्यांच्या जोडीला सुया टोचून घेऊ का? या प्रश्नाचे उत्तर द्यायला चीनचा इतिहास एकटा पुरत नाही. त्यासाठी त्या पुस्तकातले दुसरे प्रकरण, म्हणजे जामखेडचा अनुभव, सोबत घ्यावा लागतो. जोडउपचाराला जागा आहे, पण ती निदानानंतर आणि त्याच छपराखाली आहे, असे हा अनुभव सांगतो.

आरोळे पतीपत्नी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1970 साली त्यांनी जामखेडला काम सुरू केले, आणि दोनच वर्षांत 1972 चा दुष्काळ आला. तालुका कोरडवाहू, माणसे मजुरीसाठी बाहेर जाणारी. अशा भागात कुष्ठरोग हा नसांचा आजारही होता आणि बहिष्काराचाही. कुष्ठरोगाचे जंतू कातडीबरोबर नसांवर हल्ला करतात. कोपराजवळची नस सुजते, दुखते, हाताला मुंग्या येतात, मग बोटे बधिर होऊन वाकतात. त्या काळी कुष्ठरुग्णांसाठी बहुधा वेगळे दवाखाने आणि वेगळ्या वसाहती असत. जामखेडने त्यांना सर्वसाधारण दवाखान्यातच, इतर रुग्णांच्या रांगेत तपासले. गावाने निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि अनेक दलित समाजातल्या बायकांना दर आठवड्याला शिकवून आरोग्यसेविका केले. बधिर चट्टा ओळखणे, रुग्णाला दवाखान्यात आणणे आणि औषध नियमित चालू ठेवणे ही कामे त्या करू लागल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की आजार लवकर ओळखला जावा म्हणून त्यांनी वेगळे दार बंद केले.

नसांच्या दुखण्यात वेळेला इतके मोल का आहे, हे कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नस सुजून दुखू लागली आणि वेळेत सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन सुरू झाले, तर पुष्कळदा हात वाचतो. सहा महिन्यांहून जुनी इजा सहसा भरून येत नाही. या सहा महिन्यांत कोणी दुसऱ्या उपायाने दुखणे तेवढे कमी केले, तर रुग्णाला बरे वाटेल आणि नस मरत राहील. 2005 च्या अखेरीस भारताने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण जाहीर केले, तरी देशात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. नसा दुखण्याच्या बाकीच्या कारणांनाही हेच लागू आहे. मधुमेहात साखर आटोक्यात आली नाही, तर नसांचे नुकसान वाढतच जाते. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी पडते. त्याने पायांना मुंग्या येतात, चाल बिघडते, आणि त्यावरचा उपाय बी-12 ची इंजेक्शने किंवा गोळ्या हाच असतो. मणक्याची गादी सरकून लघवी-संडासवरचा ताबा जाऊ लागला, तर तासांचा हिशोब असतो. ऊसतोडीहून परतलेल्या मजुराची कंबर आणि साखर कारखान्यात बसून काम करणाऱ्याचे तळपाय सारखेच ठणकत असतील, पण कारणे दोन आहेत आणि उपचारही दोन.

आता चीनकडे वळू. 1960 च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या अनवाणी डॉक्टरांच्या योजनेत लसी, प्रतिजैविके, जडीबुटी आणि सुया हे सारे एकाच व्यवस्थेत होते. त्यामागे टंचाई होती आणि राजकारणही होते. 1971 साली अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया पेकिंगमध्ये झाली आणि त्यांच्या लेखामुळे पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरचे कुतूहल उसळले. सुयांच्या भुलीवर त्यांचे पोट उघडले, अशी समजूत पुढे पसरली. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने, नेहमीची भूल देऊन झाली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगल्याची अस्वस्थता कमी करण्यासाठी. म्हणजे या पद्धतीची सर्वांत गाजलेली कथासुद्धा मुळात जोडउपचाराची कथा आहे. महाराष्ट्राचे नाव या इतिहासात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे येते. 1938 च्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. युद्धभूमीवरचे त्यांचे काम शल्यवैद्याचे होते. ॲक्युपंक्चर भारतात रुजवले ते त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ते शिकून आल्यावर. 2003 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ॲक्युपंक्चरला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्राने 2015 चा स्वतंत्र कायदा केला. कायद्याने व्यवसायाला चौकट मिळते. नसांच्या दुखण्यावर सुई किती चालते, हे मात्र पुराव्यानेच ठरवावे लागते.

तो पुरावा काय म्हणतो? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात 39 चाचण्यांतील 20,827 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. पाठ-मान, गुडघा, खांदा आणि डोकेदुखी या जुनाट दुखण्यांत ॲक्युपंक्चरचा गुण खोट्या सुयांपेक्षा थोडा जास्त आणि सुया न घेण्यापेक्षा बराच जास्त दिसला. पण ही दुखणी प्रामुख्याने नसांच्या इजेची नव्हेत. नसांच्या दुखण्यावरचा कोक्रेन या संस्थेचा आढावा 2017 चा आहे. त्यात जेमतेम 6 चाचण्या आणि 462 रुग्ण सापडले, आणि बाजूने वा विरुद्ध काही ठामपणे म्हणावे इतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी, 1998 साली, एचआयव्हीमुळे नसा दुखणाऱ्या 250 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्याच चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन ही नेहमीची गोळीही साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. इतर आजारांतल्या नसांच्या दुखण्यावर या गोळीचा उपयोग सिद्ध आहे, तरीही गोळ्यांची मर्यादा मोठी आहे. 2015 च्या एका आढाव्यानुसार प्रेगाबॅलिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषध सुमारे 8 जणांना द्यावे, तेव्हा एकाला केवळ औषधामुळे ठळक आराम मिळतो. गुंगी, चक्कर, पायांना सूज हे त्रास वेगळेच. रुग्ण दुसरा उपाय शोधतो, तो अडाणीपणामुळे नव्हे. पहिला उपाय अपुरा पडतो म्हणून शोधतो.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचा असतो: पुरावा अपुरा असेल तर सुईला दार उघडायचेच कशाला? आक्षेप गंभीर आहे, पण दार उघडेच आहे, हे त्यात विसरले जाते. डॉक्टरांनी तोंड फिरवले तर रुग्ण सुया घेणे थांबवत नाही, सांगणे थांबवतो. मग रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत हे सुई टोचणाऱ्याला कळत नाही आणि पायाला जखम झाली हे डॉक्टरांना कळत नाही. बधिर पायाला सुईचे टोक समजत नाही आणि शेकाचा चटकाही समजत नाही. तिथे अजाण हाताने केलेला उपचार जखमेत आणि पुढे बोट कापण्यात संपू शकतो. म्हणून निदान पक्के असलेल्या, मूळ औषधे चालू असलेल्या रुग्णाला, प्रशिक्षित व्यक्तीकडून आणि एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी, ठरावीक मुदतीपुरता हा प्रयोग करू द्यावा. सहा-आठ आठवड्यांत झोप, चालणे आणि वेदना यांत फरक पडला नाही, तर थांबावे. फायदा अनिश्चित असताना धोका कमी आणि खर्च मर्यादित ठेवणे, ही वैद्यकातली जुनी आणि योग्य रीत आहे.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो: सुश्रुतसंहितेत गृध्रसीवर, म्हणजे सायटिकावर, गुडघ्याच्या चार अंगुळे वर किंवा खाली शीर वेधायला सांगितली आहे, मग चीनची सुई कशाला हवी? या प्रश्नाला याच जिल्ह्यात वजन आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या पुढाकाराने 1917 साली नगरला आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले आणि औषधींच्या गुणधर्मांवरचा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्रभर अभ्यासला गेला. पण सिरावेध म्हणजे रक्त काढणे. ते आणि ॲक्युपंक्चर या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि एकीच्या प्राचीनतेने दुसरी सिद्ध होत नाही. शिवाय जुनेपणा हाच पुरावा मानला, तर दुखऱ्या जागी डाग देण्याची प्रथाही मान्य करावी लागेल. त्या डागांनी बधिर कातडीवर किती जखमा केल्या असतील, हे कुष्ठरोगाचे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपली असो वा परकी, प्रत्येक पद्धतीला कसोटी एकच हवी: निदान झाले का, आणि रुग्णाला खरोखर गुण आला का.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा आहे: गरिबाला तपासण्या परवडत नाहीत, त्याने निदानासाठी कुठे जावे? याचे उत्तर जामखेडनेच दिलेले आहे. बधिरपणा ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. कापसाचा हलका स्पर्श कळतो का, हातापायांतले बळ दोन्हीकडे सारखे आहे का, पायाला न दुखणारी जखम आहे का, हे शिकवलेली आरोग्यसेविका तपासू शकते. रक्तातली साखर बोटातल्या थेंबावर समजते. आज प्रत्येक गावात आशाताई आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आवाक्यात आहे. मुंग्या आणि आग यांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची ही तपासणी आधी व्हावी, संशय आल्यास त्याला पुढे पाठवले जावे, आणि सुई टोचणाऱ्या प्रत्येकाने ती नोंद पाहिल्याशिवाय हात लावू नये, असा दंडक राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेने आणि आरोग्य खात्याने मिळून घालावा. सुया घेणाऱ्या रुग्णांची वेदना, झोप आणि जखमा यांची साधी नोंद ठेवली गेली, तर आज अपुरा असलेला पुरावा आपल्याच तालुक्यांतून थोडा थोडा भरत जाईल. पन्नास वर्षांपूर्वी या जिल्ह्याने अल्पशिक्षित बायकांच्या हाती नसांच्या आजाराची पहिली परीक्षा विश्वासाने सोपवली होती. ती परीक्षा पुन्हा सगळ्यांच्या आधी आणली, तर तिच्यानंतर येणाऱ्या सुईला विरोध करण्याचे कारण उरत नाही. ती वगळली, तर कोणत्याही पद्धतीच्या उपचाराला समर्थन राहत नाही.