हेंडरसन ब्रुक्स अहवाल : कुलूप साहेबांनी लावलं, उघडलं कुणीच नाही

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आपल्या सगळ्या ग्रुपवर 1962 च्या चीन युद्धाचे मेसेज सुरू होतात. एक मेसेज ठरलेला. 'हेंडरसन ब्रुक्स अहवालात नेहरूंना दोषी धरलंय म्हणून काँग्रेसने तो दाबून ठेवला.' त्याच्याखाली दुसऱ्याचं उत्तरही ठरलेलं. 'मग तुमचं सरकार इतकी वर्षं आहे, काढा की बाहेर.' पुढे दोनशे कॉमेंट. अहवाल यातल्या कुणीच वाचलेला नसतो. वाचणार कसा? साठ वर्षं उलटून गेली तरी तो सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.

या अहवालाशी आपल्या भागाचा थेट संबंध आहे. तो बंद ठेवण्याचा निर्णय संसदेत ज्यांनी सांगितला ते यशवंतराव चव्हाण. म्हणजे आपले साहेब. 25 नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर सगळ्या पक्षांचे नेते रांगेने येतात, हार घालतात, फोटो निघतात. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. सह्याद्री धावला हे खरंच. पण तिथे पोचल्यावर त्याला काय काय करावं लागलं, यावर भाषणात कुणी बोलत नाही.

थोडक्यात घटनाक्रम. 20 ऑक्टोबर 1962 ला चीनने नेफा आणि लडाख दोन्हीकडे हल्ला केला. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल. नामका चू नदीच्या काठावर आपली 7 ब्रिगेड होती, ती एका दिवसात मोडली आणि तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. नोव्हेंबरात से ला, बोमडिला पडलं. 21 नोव्हेंबरला चीनने स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली. कृष्ण मेनन आधीच गेले होते. लष्करप्रमुख थापर गेले. मुंबईहून मुख्यमंत्रिपद सोडून चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री झाले.

नवे लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी डिसेंबर 1962 मध्ये चौकशीचा आदेश काढला. दोन अधिकारी नेमले. एक लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स. दुसरे ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत सलग सुरुंग काढत पुढे गेलेला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला माणूस, आणि तोही आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. म्हणजे चौकशी करणारे कच्चे नव्हते.

पण त्यांना चौकशी कशाची करायला सांगितली होती, ते बघा. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकूम देण्याची साखळी, जवानांची शारीरिक तयारी आणि कमांडरची आपल्या माणसांवरची पकड. एवढंच. पंतप्रधानांचं काय चुकलं, संरक्षणमंत्र्यांचं काय चुकलं, हा प्रश्नच यादीत नव्हता. लष्कराच्या मुख्यालयाचा कारभार तपासू नका असंही त्यांना सांगण्यात आलं. त्यामुळे 'अहवालाने नेहरूंना दोषी ठरवलं' आणि 'अहवालाने नेहरूंना निर्दोष सोडलं' हे दोन्ही मेसेज फोल आहेत. जे विचारलंच नव्हतं त्याचा निकाल कुठून येणार?

तरीही त्या दोघांनी सांगायचं ते सांगितलं. हे आपल्याला कळलं ते सरकारमुळे नाही. नेव्हिल मॅक्सवेल नावाचा लंडनच्या टाइम्सचा दिल्लीतला वार्ताहर होता. त्याने कुठूनतरी प्रत मिळवली, तिच्यावरून 1970 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 2014 मध्ये अहवालाचा पहिला भाग सरळ इंटरनेटवर टाकून दिला. काही पानं गायब आहेत. मॅक्सवेलचा कल चीनकडे होता, त्याचं पुस्तक वाचताना ते लक्षात ठेवावं लागतं. पण त्याने टाकलेली पानं अहवालाची नाहीत असं सरकारनेही म्हटलेलं नाही.

त्यातली एकच गोष्ट सांगतो. 2 नोव्हेंबर 1961 ला पंतप्रधानांच्या बैठकीत ठरलं की सीमेवर जास्तीत जास्त पुढे चौक्या टाकायच्या. यालाच फॉरवर्ड पॉलिसी म्हणतात. इंटेलिजन्स ब्युरोचं मत होतं की आपण चौक्या टाकल्या तरी चीन बळाचा वापर करणार नाही. पण त्याच निर्णयात आणखी एक कलम होतं. पुढच्या चौक्यांच्या मागे, सोयीच्या ठिकाणी, मोठ्या फौजेचे तळ असावेत. डिसेंबरमध्ये लष्करी मुख्यालयातून खालच्या कमांडला जो हुकूम गेला त्यात चौक्या टाकायचं होतं, मागच्या तळांचं कलम नव्हतं. वेस्टर्न कमांड ओरडून सांगत होती की एवढ्या माणसांत हे जमणार नाही. माणसं मिळाली नाहीत. चौक्या मात्र टाकल्या गेल्या.

आपल्याकडे घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. सुती कपड्यांत, मोजक्या गोळ्या घेऊन बर्फात उभं करणं म्हणजे काय, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळं समजावायला नको. मुख्यालयाच्या टेबलावर एक कलम गळतं आणि त्याची किंमत चौकीवरचा शिपाई देतो. हे वाचायचा हक्क त्या घरांना नाही, असं आजवरच्या प्रत्येक सरकारचं म्हणणं आहे.

आता साहेबांकडे येऊ. अहवाल जुलै 1963 मध्ये संरक्षणमंत्र्यांकडे आला. तेव्हाचं वातावरण बघा. त्या उन्हाळ्यात पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया, मसानी निवडून आलेले. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वास ठराव आणला, लोकसभेच्या इतिहासातला पहिला. ठराव 347 विरुद्ध 62 ने पडला. पण लोकांचा राग काही मतांच्या आकड्याने पडत नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना अहवाल मंत्रालयात होता.

2 सप्टेंबर 1963 ला चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. अहवाल प्रसिद्ध केला तर सुरक्षेला धोका होईल आणि सीमेवरच्या जवानांचं मनोधैर्य खचेल, असं कारण दिलं. पण निवेदन पोकळ नव्हतं, हेही मान्य करायला पाहिजे. डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण नव्हतं, साधनसामग्री कमी होती, वरच्या काही कमांडरांत उणिवा होत्या, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. आणि एक वाक्य फार जपून, पण सांगितलंच. त्याचा आशय असा की सैन्य कितीही मोठं आणि सुसज्ज असलं तरी धोरणाची दिशा आणि मुख्य आदेश त्याला सरकारनेच द्यायचे असतात. नेहरू हयात आणि पंतप्रधान असताना हे बोलणं सोपं नव्हतं.

त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आपल्याला कळतं ते त्यांच्या खाजगी सचिवामुळे, म्हणजे राम प्रधान यांच्यामुळे. प्रधानांनी चव्हाणांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळावर पुस्तक केलं. त्यात ते स्पष्ट लिहितात की समिती पंतप्रधानांवर किंवा मेननांवर ठपका ठेवेल की काय, याची चव्हाणांना धास्ती होती. सरकारचा बचाव करायचा आणि सैन्याचं मनोधैर्यही टिकवायचं, अशी दुहेरी कसरत होती, आणि चव्हाणांना ती जमली, असं प्रधान कौतुकाने नोंदवतात.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खाली लिहा. 1963 मध्ये तो अहवाल न छापणं मी समजू शकतो. चिनी सैन्य नुकतंच मागे गेलं होतं, फौज नव्याने उभी करायची होती. कुठल्या तुकडीत काय कमी आहे हे शत्रूला छापून कोण देईल? पण तात्पुरतं कुलूप आणि कायमचं कुलूप यांत फरक असतो. साहेबांनी लावलं ते पहिलं. पुढच्यांनी त्याचं दुसरं केलं.

कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात हा अहवाल मागितला. मार्च 2009 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नाही म्हटलं. 2010 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर आजच्या लष्करी कामकाजाच्या दृष्टीनेही संवेदनशील आहे. 1962 च्या बंदुका, 1962 चे रस्ते, आणि मजकूर 2010 मध्ये संवेदनशील! मार्च 2014 मध्ये मॅक्सवेलने टाकलेली पानं गाजली तेव्हा विरोधात असलेल्या अरुण जेटलींनी ब्लॉग लिहून विचारलं की जुनी कागदपत्रं लोकांपासून अनिश्चित काळ दूर ठेवायची का. मे महिन्यात सरकार बदललं, जेटली संरक्षणमंत्री झाले. जुलैमध्ये राज्यसभेत त्यांच्याच खात्याचं उत्तर आलं की अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. चार महिन्यांत. खुर्ची बदलली की राष्ट्रहिताची बाजूही बदलते.

लोकांचा विश्वास उडतो तो इथे. पराभव झाला म्हणून उडत नाही. पराभव लोक पचवतात.

आणि हे देशाला जमत नाही असंही नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली. तिचा अहवाल संवेदनशील भाग वगळून फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत मांडला गेला, पुस्तक म्हणून छापला. गुप्तचर यंत्रणेवर त्यात कडक टीका होती. काही बिघडलं नाही, उलट त्यातून सुधारणा झाल्या.

आता राम प्रधानांची पुढची गोष्ट ऐका. हे गृहस्थ नंतर केंद्रीय गृहसचिव झाले, मग 1987 मध्ये अरुणाचलचे राज्यपाल, म्हणजे त्याच नेफात. आणि 26/11 च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारने चौकशीला जी दोन जणांची समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच राम प्रधान. दुसरे सदस्य व्ही. बालचंद्रन. एप्रिल 2009 मध्ये त्यांनी अहवाल दिला. जूनमध्ये सरकारने विधिमंडळात कृती अहवाल मांडला, मूळ अहवाल मात्र ठेवला नाही. कारण तेच, सुरक्षा. ऑक्टोबरात विधानसभा निवडणूक झाली. मग विरोधकांच्या हाती प्रत लागली, बोभाटा झाला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात सरकारला अहवाल मांडावा लागला. त्यात तत्कालीन पोलिस आयुक्तांच्या नेतृत्वावर टीका होती. म्हणजे मुंबईत 166 माणसं मेली त्याची चौकशी मुंबईकरांना मिळाली ती फुटल्यामुळे. चव्हाणांच्या दालनात बसून ज्यांनी एक अहवाल बंद होताना पाहिला, त्यांचा स्वतःचा अहवाल सेहेचाळीस वर्षांनी तसाच बंद झाला.

यात एक तांत्रिक गोम आहे, पत्रकार म्हणून ती सांगायला हवी. चौकशी आयोग कायदा, 1952 खाली आयोग नेमला तर अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहात मांडावा लागतो. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 1998 मध्ये आला, युती सरकारला तो अजिबात नको होता, निष्कर्ष फेटाळले, तरी ऑगस्टमध्ये मांडावाच लागला. लोकांनी वाचला आणि आपापलं मत बनवलं. प्रधान समिती त्या कायद्याखाली नव्हती. हेंडरसन ब्रुक्स तर लष्कराची अंतर्गत चौकशी. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या दुर्घटनेनंतर 'उच्चस्तरीय समिती नेमली' अशी बातमी आली, तर पहिला प्रश्न हा विचारा की कुठल्या कायद्याखाली. अहवाल तुमच्या हाती पडणार की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरलेलं असतं.

माहिती अधिकाराचंही असंच. वीस वर्षं जुन्या घटनेची माहिती द्यावी असं कायद्यात आहे, पण देशाच्या सुरक्षेचा अपवाद त्यातही कायम ठेवलाय. त्या अपवादाला मुदत नाही. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवं धोरण जाहीर केलं, युद्धाची कागदपत्रं साधारण 25 वर्षांत खुली करायची. 1962 ला 25 वर्षं 1987 मध्येच झाली.

चव्हाण साहेबांचं 2 सप्टेंबर 1963 चं निवेदन लोकसभेच्या छापील कामकाजात आहे, इंटरनेटवरही मिळतं. मॅक्सवेलने टाकलेला पहिला भागही शोधला तर सापडतो. इंग्रजी थोडी जड आहे, पण ग्रुपवर पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी दोन्ही चाळा. अहवालाचा दुसरा भाग अजून दिल्लीतच आहे.