साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

सरकारी घरबांधणी पर्यावरणाशी सुसंगत कशी करावी, हा प्रश्न अलीकडे एखाद्या नव्या विचाराचे वलय घेऊन येतो. छतावरचे सौर संच, पर्जन्यजलसंचय, हरित इमारतींची मानांकने अशी त्याची परिभाषाही ठरून गेली आहे. मुंबईपुरते पाहिले तर हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याचे पहिले उत्तर एका कोनाच्या रूपाने दिले गेले होते. त्या कोनाचे पुढे काय झाले, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकटला. शहर ओस पडू लागले, गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली आणि राज्यकर्त्यांना कामगारांच्या खोल्यांत डोकावून पाहणे भाग पडले. १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून रस्ते काढणे, समुद्राचा वारा शहरात खेळवणे आणि उठवलेल्यांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी येथील बी.आय.टी. चाळी या खटाटोपातून उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांचा उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले होते. ज्या नियमाचा त्यांनी ध्यास घेतला होता तो असा : खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर ती क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी असता कामा नये. भूमिती अगदी सोपी आहे. भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा पुढ्यात हवी. तळमजल्यावरच्या कुटुंबालाही आकाशाचा एक निश्चित तुकडा मिळाला पाहिजे, इतकेच या नियमाचे म्हणणे होते. इंच इंच जागेचे भाडे वसूल करणाऱ्या घरमालकांना तो मानवणे शक्यच नव्हते.

यातली गंमत अशी, की ज्या समजुतीपोटी हा नियम जन्मला ती समजूत प्लेगच्या बाबतीत चुकीची होती. दूषित, कोंदट हवेतून प्लेग पसरतो, असे त्या काळी अनेकांना वाटे. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता आणि उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवणारे संशोधन १८९८ मध्ये झाले होते. परंतु ज्या रोगावर उजेड आणि वारा यांचा खरोखरच उपाय चालतो, तो क्षयरोग याच खोल्यांत मुक्कामाला होता. चुकीच्या निदानावर बरोबर औषध दिले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि ट्रस्टचा गौरव करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्त्या पाडण्याचा वेग घरे बांधण्याच्या वेगाहून अधिक होता. उठवलेली माणसे शेजारच्या, आधीच गच्च भरलेल्या चाळींत शिरली. एका वॉर्डाला हवा मिळाली आणि दुसऱ्याचा श्वास कोंडला. या पद्धतीला सैद्धांतिक विरोध करणारा माणूसही त्याच काळात मुंबईत होता. पॅट्रिक गेडीस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. मूळचे जीवशास्त्रज्ञ असल्यामुळे गेडीस शहराकडे सजीव म्हणून पाहत. सरसकट पाडापाडी करण्याऐवजी मोजकी, जपून केलेली शस्त्रक्रिया त्यांना हवी होती. विहिरी, तळी, झाडे, अंगणे राखा आणि मग जे अगदीच टाकाऊ असेल तेवढे काढा, असे त्यांचे अहवाल सांगतात. तळ्यांतल्या डासांवर तळी बुजवणे हा उपाय नसून त्यांत मासे आणि बदके सोडावीत, ही त्यांची सूचना आज वाचताना किती समंजस वाटते! राज्यकर्त्यांनी अहवाल दप्तरी लावले.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. बी.डी.डी. हे नाव आजही वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींना चिकटून आहे. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. येथे आमच्या साहित्याच्या अभ्यासकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठी कथा-नाटकांनी चाळ म्हटली की गॅलरी डोळ्यांपुढे उभी केली. बी.डी.डी. चाळीत तशी गॅलरी नाही. मधोमध बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, अशी तिची रचना. खोलीत एका बाजूने आलेला वारा दुसरीकडून जाऊ शकत नाही, कारण समोर शेजाऱ्याचे दार असते. मात्र दोन चाळींमधले अंतर ऐसपैस होते आणि वरळीच्या जांबोरीसारखी मैदाने मधे होती. म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश शिल्लक होते, वारा मात्र बांधकामाच्या हिशेबात गेला.

स्वातंत्र्यानंतरच्या गृहनिर्माण मंडळांच्या वसाहतींत हे अंतर बऱ्याच प्रमाणात टिकले. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात फिरताना ते आजही जाणवते. खरी कलाटणी १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने मिळाली. रहिवाशाला घर मोफत. त्याचा खर्च बांधकाम व्यावसायिक बाजारात विकायच्या जादा चटई क्षेत्रातून काढणार. सरकारच्या तिजोरीवर भार नाही, अशी त्याची प्रशंसा झाली. पण भार कुठेतरी पडतोच. हेक्टरी किमान पाचशे घरे बसवण्याची अट आली, मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती आल्या आणि जमिनीचा जितका भाग पुनर्वसनाच्या इमारतींनी कमी व्यापावा तितका विक्रीला अधिक उरू लागला. सवलत नियमाला मिळाली. तिची किंमत तळमजल्याने मोजली.

गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती त्याचा पुरावा आहेत. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांनी उठवलेली कुटुंबे तेथे आणून ठेवली गेली. काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारतीला ऑर यांच्या नियमाने दहा-अकरा मीटर सोडावे लागले असते. या वसाहतींतील क्षयरोगाचा डॉक्टर आणि अभियंत्यांनी मिळून अभ्यास केला; २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात क्षयाचा आणि इमारतींच्या दाट रचनेचा संबंध दाखवला आहे. ज्या घरांत ऊन आणि वारा कमी पोहोचतो, तेथे रुग्ण अधिक; मोकळ्या रचनेच्या तिसऱ्या वसाहतीत कमी. दारिद्र्य, कुपोषण ही कारणे आहेतच. परंतु ती तिन्ही वसाहतींत आहेत.

अशा घरात भर दुपारी दिवा लागतो, पंखा अखंड फिरतो आणि खिडकी उघडली तर समोरच्याच्या स्वयंपाकाची वाफ आत येते. 'ऊर्जेचा अपव्यय' ज्याला म्हणतात तो इथे रहिवाशाच्या सवयीत नाही, तो नकाशातच आखलेला आहे. अशा इमारतीच्या गच्चीवर सौर संच बसवून तिला हरित म्हणणे आम्हांस थट्टेचे वाटते.

वेगळे करता येते, याची उदाहरणे आहेत. राजकोटमध्ये पंतप्रधान आवास योजनेखालील ११७६ घरांच्या एका प्रकल्पात भिंती, खिडक्यांची उघडझाप आणि वारा ओढून घेणारे उभे पोकळ मार्ग यांचा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच झाला. २०१८ च्या 'इको-निवास संहिते'त खिडकीचा किती भाग उघडता यावा, याचे जमिनीच्या क्षेत्राशी प्रमाण घातले आहे. परंतु खिडकी उघडी असून भागत नाही. ती कशावर उघडते, हे दोन इमारतींमधल्या अंतरावर ठरते, आणि ते अंतर चटई क्षेत्राच्या वाटाघाटीत ठरते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली मनोऱ्यांतील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्यांचा तो आनंद सोळा आणे खरा आहे, त्यावर कुणी पर्यावरणाच्या नावाने विरजण घालू नये. मात्र जुन्या चार मजली चाळीत जिना चढून भागत होते; आता उद्वाहन आणि पाणी चढवणारे पंप रात्रंदिवस चालतील, आणि त्यांचे देयक चाळीस मजल्यांत वाटले जाईल. या मनोऱ्यांच्या खालच्या मजल्यांवर डिसेंबरात किती तास ऊन येते, हे एखाद्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाने पहिल्याच हिवाळ्यांत मोजून ठेवावे. ऑर यांच्यापाशी त्यासाठी एक कोनमापक पुरला होता.