पोकळीची कहाणी

आदिलाबादच्या एखाद्या मराठी घरात जुना रेडिओ जपलेला असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह काढून पाहावा. काचेच्या आत चांदीसारखा डाग दिसेल. तो बहुधा बेरियमचा. उरलासुरला वायू गिळून पोकळी राखणे, हे त्याचे काम. डाग पांढरा पडला, की आत हवा शिरली असे समजावे.

१६४३ साली टोरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीत पोकळी प्रकट झाली. आज शीत अणूंच्या प्रयोगांना हवेच्या दाबाचा लाख कोटीवा अंशच काय तो चालतो. लेसरने अणू जवळजवळ स्तब्ध करण्याच्या विद्येला १९९७ चे नोबेल पारितोषिक लाभले. पुण्याच्या आयसर संस्थेतही असे प्रयोग होतात. परंतु वायूच्या एका उबदार कणाची धडक बसली, की अणू सापळ्यातून उडालाच! म्हणून पंपांचा एवढा पसारा.

तो आटोपल्याखेरीज ही घड्याळे व दिशादर्शक यंत्रे प्रयोगशाळेबाहेर पडणे कठीण. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने टायटॅनियम व नीलम स्फटिकाच्या लहानशा कोठीत, विजेच्या पंपाविना, दोनशेहून अधिक दिवस शीत अणू राखल्याचे २०२१ साली जाहीर झाले. आत होत्या वायू शोषणाऱ्या धातूच्या चिमुकल्या गोळ्या. युक्ती तीच, व्हॉल्व्हमधल्या त्या डागाची!