हाकेला ओ

परवा शनिवारी जुनी हार्डडिस्क आवरताना एक बारा ओळींची शेल स्क्रिप्ट सापडली. नाव 'गोदा'. बघून जरा कसंसंच झालं. ती गोष्ट सांगतोच, पण आधी थोडा इतिहास.

दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममधलं असल्यासारखं बोलवायचं, हा विचार जेम्स व्हाइट यांनी आरएफसी ७०७ मध्ये मांडला. पुढे झेरॉक्स पार्कमध्ये अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी तो राबवला आणि १९८४ साली त्यावर पेपर लिहिला. त्यात एक गोष्ट त्यांनी स्वच्छ सांगून टाकली: उत्तर आलं तर काम नक्की एकदाच झालं. उत्तराऐवजी एरर आली तर काम एकदा झालं असेल, किंवा मुळीच झालं नसेल. यातलं कुठलं, ते कळणार नाही.

१९९८ साली हे प्रकरण तुमच्या-आमच्या हाताशी आलं. एक्सएमएल-आरपीसीमुळे एचटीटीपीवरून फंक्शन बोलवता येऊ लागलं, आणि त्याच वर्षी 'कर्ल' आलं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला आयआरसीवरच्या बॉटसाठी चलनांचे दर हवे होते, त्या खटाटोपातून हे टूल वाढलं. एका ओळीत, कुठल्याही स्क्रिप्टमधून, सातासमुद्रापारचं फंक्शन!

मग मी कसा मागे राहीन? काकांचं पंचवटीत, गोदाघाटाजवळ पूजासाहित्याचं दुकान. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर चढतं. तिथे पुराचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मी पुण्यात. विसर्गाचा आकडा कळला की मी स्क्रिप्ट चालवायची, तिने एका एसएमएस सेवेचं फंक्शन बोलवायचं, काकांना मेसेज. झकास!

ऑगस्ट २०१६. पूर आला. स्क्रिप्ट चालवली, स्क्रीनवर 'पाठवला' उमटलं. मी निवांत कामाला लागलो. संध्याकाळी काकांचा फोन.

"अरे, तुझा मेसेज कुठंय? खालचे सगळे खोके भिजले."

चूक माझीच. सर्व्हरने ५०० एरर दिली होती. पण कर्लच्या लेखी सर्व्हर काहीतरी बोलला, म्हणजे झालं काम. एक्झिट कोड शून्य! '--फेल' एवढा एक पर्याय लिहिला असता तर कोड २२ आला असता. टाइमआउट झाला असता तर २८.

आणि २२ आला की डोळे झाकून परत बोलवायचं का? पुराचा मेसेज दोनदा गेला तर बिघडत नाही. पैसे दोनदा गेले तर बिघडतं. बिरेल आणि नेल्सन हेच तर सांगत होते.

काकांना हे सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही घाटावरून हाक मारतो ना, तेव्हा समोरचा ओ देईपर्यंत थांबतो रे."

असो. स्क्रिप्ट डिलीट केली नाही. '--फेल' टाकून ठेवलंय. आता पाणी सोडलं की आधी ती चालवतो, आणि मग काकांना फोनही करतो.